मेलेला उंदीर आणि आमचा मोती

आज हेंद्रेपाड्यातून बोलतोय. "कुत्र्याने रस्त्यावरचा मेलेला उंदीर खाल्ला तर काय बिघडतं?" असं मीही म्हणायचो. मग आमच्या मोतीने गाडीखाली आलेला उंदीर गट्टम केला. तीन दिवस मस्त खेळला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त!

झालं काय, तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये उंदीर मारायचे ब्रोमॅडिओलोनचे केक ठेवले होते. हे विष शरीराला के जीवनसत्त्व पुन्हा वापरू देत नाही. साठा संपला की रक्त गोठत नाही, म्हणून लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात. डॉक्टरांनी के-१ दिलं, चार आठवडे चाललं. मोती वाचला.

कुत्रा, मांजर, फेरेट, कोणीही असो: कशाने मेलं माहीत नाही, ते मांस द्यायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवा नाहीतर शिजवा, हे विष जात नाही. जिवंत पकडलेल्या उंदराचंही तेच, वर लेप्टोची भीती. कुत्र्याला लेप्टोची लस देऊन ठेवा. आणि खाल्लंच, तर रक्त दिसायची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजू नका. विषाचं पाकीट मिळालं तर सोबत घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा.

चला, भेटू पुढच्या भागात!