तोट्यातली आगगाडी गिऱ्हाइकांनीच वाचवली: टॅलिलिन रेल्वेकडून शिकायच्या सहा गोष्टी



आज एक सरळ प्रश्न विचारतो. समजा, तुमचा धंदा उद्या बंद पडायची वेळ आली, तर तो वाचवायला किती माणसं धावून येतील? घरचे सोडून हं! गिऱ्हाईक म्हणून आलेली, पण तुमच्या दुकानाला "आपलं" म्हणणारी माणसं किती?

बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येत नाही. म्हणून आज अशा एका धंद्याची गोष्ट, जो कागदावर पूर्ण संपला होता, पण गिऱ्हाइकांनीच तो उचलून धरला. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे. वाफेच्या इंजिनावर चालणारी, रुळांची रुंदी जेमतेम सव्वादोन फूट असलेली छोटीशी गाडी. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून ती ओळखली जाते. व्हिडिओमध्ये वेळेअभावी थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर बघूया.

आधी थोडा इतिहास

ब्रिन एग्लुइस नावाच्या खाणीतून छपरावर घालायची पाटी, म्हणजे स्लेट, निघायची. ती डोंगरातून समुद्राकाठच्या टाउइन गावापर्यंत आणायला १८६५ मध्ये ही रेल्वे उभी राहिली. माल हा मुख्य धंदा, प्रवासी हा जोडधंदा. १९११ मध्ये हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. ते बरीच वर्षं तिथले खासदारही होते.

१९४६ च्या डिसेंबरात खाणीचा काही भाग कोसळला आणि खाण बंद झाली. म्हणजे बघा, ज्या एका गिऱ्हाइकासाठी रेल्वे बांधली, तेच गिऱ्हाईक गेलं. पण सर हेडन यांनी शब्द दिला होता, "मी जिवंत असेपर्यंत गाडी चालेल." तोटा सोसत त्यांनी तो पाळला. १९४८ मध्ये ब्रिटिश सरकारने देशातल्या बहुतेक रेल्वे ताब्यात घेतल्या, त्यात ही नव्हती. म्हणजे सरकारी आधारही नाही. १९५० च्या जुलैत सर हेडन गेले. आता सगळ्यांना वाटलं, संपलं, रूळ उपटून भंगारात जाणार.

इथे टॉम रोल्ट नावाचा एक लेखक पुढे आला. त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. त्या सभेतून रेल्वे जतन करणारी सभासदांची संस्था उभी राहिली. सर हेडन यांच्या पत्नीने रेल्वे या मंडळींच्या हाती सोपवायला होकार दिला. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेली कंपनी झाली आणि मे १९५१ मध्ये गाडी पुन्हा धावली.

सुरुवातीला परिस्थिती काय होती? दोन जुन्या इंजिनांपैकी एकच, "डॉल्गॉख", कसंबसं चालत होतं. रूळ इतके झिजलेले आणि गवतात बुडालेले, की गवतानेच ते जागेवर धरून ठेवलेत असं लोक म्हणायचे. अशा अवस्थेत त्यांनी जे केलं, त्यात आपल्यासाठी सहा धडे आहेत.

१. आधी सभासद, मग यंत्र

आपण काय करतो? आधी कर्ज काढतो, मशीन आणतो, गाळा भाड्याने घेतो, आणि शेवटी गिऱ्हाईक शोधायला निघतो. या मंडळींनी उलट केलं. त्यांच्याकडे इंजिन धड नव्हतं, पण वर्गणी भरलेले सभासद होते. सभासदाचं नातं नुसत्या वर्गणीपुरतं नसतं. तो चार जणांना सांगतो, सुट्टीच्या दिवशी येऊन फावडं धरतो, आणि धंद्यावर संकट आलं की पळून जात नाही.

तुमची खानावळ असो, शिवणक्लास असो की मसाल्याचा घरगुती उद्योग, पहिल्या पन्नास माणसांना फक्त "गिऱ्हाईक" समजू नका. त्यांना आत घ्या. नवीन चव आली की आधी त्यांना द्या, त्यांचं मत विचारा, भाव वाढवायचा असेल तर कारण त्यांना आधी सांगा.

२. मदत पैशातच मागायची असं नाही

शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती. तिची दोन इंजिनं यांनी १९५१ मध्ये सरकारी रेल्वेकडून प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यातल्या एका इंजिनाची मोठी दुरुस्ती हन्स्लेट या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने फुकट करून दिली, कारण त्या कंपनीचे अध्यक्षच संस्थेचे सभासद होते. पुढे १९५३ मध्ये एका कंपनीने तर अख्खं इंजिनच भेट दिलं.

लक्षात घ्या, कोणी वेळ देईल, कोणी कसब देईल, कोणी पडून असलेली वस्तू देईल. तुम्ही मात्र नेमकं काय हवं ते सांगायला पाहिजे. "जरा मदत करा ना" असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि निघून जातो. "मला आठवड्यातून दोन तास हिशेब बघणारा माणूस हवाय" म्हटलं की माणूस सापडतो.

३. आभार असे माना की ते टिकतील

कॉरिसहून आणलेल्या त्या दोन इंजिनांना नावं काय दिली? एकाला "सर हेडन" आणि दुसऱ्याला "एडवर्ड थॉमस", म्हणजे जुने व्यवस्थापक. भेट मिळालेल्या इंजिनाला देणाऱ्याच्या नावावरून "डग्लस". याला खर्च किती? एक नावाची पाटी. पण आज सत्तर वर्षांनंतरही ती नावं लोक वाचतात.

तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावाने एखादी थाळी, एखादी डिझाइन ठेवा की! मोठ्या भेटवस्तूंपेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहतं.

४. अडचण लपवू नका, तीच ओळख बनवा

ही रेल्वे बांधून झाल्यावर सरकारी तपासणीत लक्षात आलं, की पुलाखालून जाताना डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागाच नाही. पूल पाडायचे? परवडणारं नव्हतं. मग त्यांनी रूळ थोडे एका बाजूला सरकवले आणि डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली. आजही फलाट आणि दारं एकाच बाजूला आहेत. प्रवाशांना ती गंमत वाटते, मार्गदर्शक ती आवडीने सांगतात.

गाळा लहान आहे? मग "आमच्याकडे एका वेळी आठच माणसं बसतात, म्हणून प्रत्येकाकडे लक्ष देतो" असं सांगा. खरं असेल तरच सांगा हं. खोटी ओळख फार दिवस चालत नाही.

५. कार्यक्रम कशासाठी? नीट गणित समजून घ्या

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वाफेचं इंजिन बटण दाबून सुरू होत नाही. पहाटे कोणीतरी येऊन भट्टी पेटवतो, पुरेशी वाफ धरायला काही तास जातात. गाडीत दहा माणसं असोत की शंभर, कोळसा जवळजवळ तितकाच जळतो. शिवाय ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर उघडून मोठी दुरुस्ती करावी लागते. म्हणजे ठरलेला खर्च मोठा, आणि रिकामी खुर्ची म्हणजे थेट नुकसान.

म्हणूनच अशा रेल्वे खास कार्यक्रम करतात. नाताळात लहान मुलांसाठी सांताची गाडी, जुन्या इंजिनांचे मेळावे, हौशी लोकांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्वतः इंजिन चालवून बघायचा दिवस. टाउइनमध्ये १९८४ पासून "रेस द ट्रेन" नावाची शर्यत होते. ऑगस्ट महिन्यात धावपटू शेतं, पायवाटा तुडवत गाडीशी स्पर्धा करतात. मुख्य शर्यत सुमारे १४ मैलांची, म्हणजे साडेबावीस किलोमीटरच्या आसपास. गाडी अबर्गनॉल्विन स्टेशनपर्यंत जाऊन परत येते, आणि धावपटूंनी तिच्या आधी पोचायचं. घरची मंडळी कुठे असतात? गाडीत! खिडकीतून ओरडून प्रोत्साहन देत. एका स्पर्धेने गाडीही भरते आणि गावातल्या खोल्या, हॉटेलंही भरतात.

बघा, त्यांनी तिकिटाचा भाव पाडून गर्दी जमवली नाही. यायला एक कारण आणि एक तारीख दिली. सूट दिली की गिऱ्हाईक पुढच्या सुटीची वाट बघतं. कारण दिलं की कॅलेंडरवर खूण करतं.

६. तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगू द्या

रेव्हरंड ऑड्री हे नाव ओळखीचं नसेल, पण तुमच्या घरातल्या लहान मुलांना "थॉमस" नावाचं निळं इंजिन नक्की माहीत असेल. त्या गोष्टींचे हे लेखक. ते १९५२ मध्ये इथे स्वयंसेवक गार्ड म्हणून आले. एकदा त्यांनी शिट्टी फुंकली, गाडी सुटली, आणि खानपान सांभाळणारी बाई फलाटावरच राहिली! हा किस्सा पुढे त्यांच्या पुस्तकात आला. टॅलिलिनवरून त्यांनी एक आख्खी काल्पनिक रेल्वेच उभी केली. रोल्टनेही या धडपडीवर पुस्तक लिहिलं. १९५३ चा एक गाजलेला इंग्रजी विनोदी चित्रपटही या प्रयत्नांवरूनच सुचला.

संस्थेने जाहिरातीवर पैसा ओतून हे घडवलं नाही. लोकांना आत येऊ दिलं, काम करू दिलं, म्हणून गोष्टी तयार झाल्या. आणि गाडी सुटून बाई मागे राहिली ही फजितीसुद्धा आज आवडता किस्सा आहे.

एक इशारा: फुकटची माणसं फुकट नसतात

हे वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे स्वयंसेवक जमवायचे आणि पगार वाचवायचा!" थांबा. तिथे पगारी कर्मचारीही आहेत, कारण कार्यशाळा आणि सुरक्षितता नुसत्या हौशीवर चालत नाही. स्वयंसेवकाला शिकवावं लागतं, त्याच्या कामाची पाळी लावावी लागते, त्याचा मान ठेवावा लागतो. आणि एक लक्षात ठेवा, लोक एका वारशासाठी वेळ देतात, मालकाच्या नफ्यासाठी नाही. तुमचा धंदा नफ्याचा असेल, तर काम करणाऱ्याला दाम द्याच. मित्र, नातेवाईक, शिकाऊ मुलं यांना "आपलंच समज" म्हणून राबवू नका. त्यात नातं जातं आणि धंदाही जातो.

जायचं असेल तर

तुमची मुलगी लंडनला, भाचा बर्मिंगहॅमला असेल आणि तुमचं जाणं होणार असेल, तर एक दिवस यासाठी काढा. बर्मिंगहॅमहून श्रूजबरी आणि माखन्थलेथमार्गे टाउइनला रेल्वेने जाता येतं. स्टेशनपासून टॅलिलिनचं वार्फ स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी रोज चालतेच असं नाही, म्हणून आधी वेळापत्रक बघा. मार्ग सव्वासात मैलांचा आहे. वाटेत डॉल्गॉखला उतरून धबधबा बघा. शेवटचं स्टेशन नांट ग्वेर्नॉल, तिथपर्यंत प्रवासी गाडी १९७६ मध्ये पोचली. म्हणजे वाचवलेली रेल्वे नुसती टिकली नाही, वाढलीही. वार्फ स्टेशनवरच्या नॅरोगेज संग्रहालयात ऑड्री यांची अभ्यासिका मांडून ठेवली आहे. २०२१ मध्ये वेल्सच्या वायव्य भागातला स्लेट खाणींचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ही रेल्वेही आहे.

मदत करायची तर तिकीट काढा, दुकानातून काहीतरी घ्या, चहा तिथेच प्या. वर्गणीदार सभासद होता येतं. आणि जाताना उद्योजकाच्या नजरेने बघा: पैसा कुठे कुठे येतोय? तिकीट, दुकान, चहा, संग्रहालय, सभासदत्व, देणगी. एक पाय लंगडला तर दुसऱ्यावर उभं राहता येतं.

विलायत लांब वाटत असेल, तर आपलं माथेरान आहेच. आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकारातून १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी. तिच्या रुळांची रुंदी दोनच फूट. तिथे जाऊन बघा, एका छोट्या गाडीभोवती चिक्की, चपला, घोडे, खोल्या असे किती संसार उभे आहेत. गाडी बंद राहिली की कोणाकोणाच्या गल्ल्यावर परिणाम होतो, ते तिथल्या दुकानदारालाच विचारा. वारसा जपणं हे नुसतं भावनेचं काम नाही, तो रोजीरोटीचाही प्रश्न आहे, हे तिथे पाच मिनिटांत कळतं.

या आठवड्याचं काम

वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

पहिली, तुमच्या धंद्याला "आपलं" म्हणणाऱ्या दहा गिऱ्हाइकांची नावं. दहा होत नसतील तर जितकी होतील तितकी, पण खरी.

दुसरी, त्या प्रत्येकाकडे पैशाशिवाय असं काय आहे, जे तुम्हाला उपयोगी पडेल? आणि त्या बदल्यात तुम्ही काय द्याल?

तिसरी, तुमच्या मंदीच्या महिन्यातली एक तारीख आणि त्या दिवशी यायचं एक कारण. सूट सोडून.

सर हेडन यांनी एकट्याने गाडी त्यांच्या हयातीपर्यंत नेली. पुढची सत्तरहून जास्त वर्षं ती नेली लोकांनी. मालकाच्या जिद्दीला मालकाच्या आयुष्याची मर्यादा असते. तेव्हा आत्ताच, धंदा बरा चाललाय तोवर, त्यात माणसं जोडायला लागा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!