फुल्यांच्या समितीपासून शालार्थपर्यंत

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला सांगितले जाते. शाळा चालवायला पैसा कुठून आला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. भिडे वाड्यातली ती पहिली शाळा काही काळातच बंद पडली. पुढच्या खेपेला फुल्यांनी एकट्याने भार उचलला नाही. ३ जुलै १८५१ रोजी याच पेठेतल्या चिपळूणकर वाड्यात शाळा उघडली, तेव्हा कारभार पाहायला समिती होती, वर्गणी होती आणि पुढे सरकारच्या दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपयांची मदतही मिळाली.

हा अनुभव फुले विसरले नाहीत. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले आणि त्यासोबत पैशाचा आराखडाही मांडला. शिक्षकाला किमान १२ रुपये पगार हवा आणि लोकल फंडाचा निम्मा वाटा प्राथमिक शाळांसाठीच राखून ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षणाचे नेतृत्व आणि हिशेबाची जाण या त्यांच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

टिळक-आगरकरांच्या पिढीलाही पैशाचा प्रश्न चुकला नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या मानधनावर राबत होते. बाहेरून मिळकत करावी की नाही यावर त्यांच्यात वाद पेटला आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले.

त्यानंतरचा मोठा काळ कीर्द-खतावणीचा. अप्पा बळवंत चौकातून पाठ्यपुस्तकांबरोबर पावतीपुस्तके आणि कॅशबुकेही शाळांत जात. हिशेब लिपिक सांभाळत आणि मुख्याध्यापक सही करत.

२०१२ नंतर चित्र झपाट्याने पालटले. पगार शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीवर गेले, २०१५ मध्ये विद्यार्थ्यांची माहिती सरल या पोर्टलवर गेली. जुलै २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा शाळेच्या खात्यात पडून राहायचा थांबला. तो राज्याच्या एका मध्यवर्ती खात्यात राहू लागला आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळू लागली. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला या पैशातून दोन पंखे घ्यायचे असले, तरी आधी दुकानदाराचे बँक खाते पीएफएमएस या केंद्राच्या वित्त व्यवस्थापन प्रणालीवर नोंदवावे लागते. मग एका लॉगिनमधून बिल भरायचे, दुसऱ्यातून ते मंजूर करायचे. दोन लॉगिन ठेवली आहेत ती एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर राहावी म्हणून. जिथे लिपिकच नाही, अशा छोट्या शाळेत दोन्ही पासवर्ड एकाच शिक्षकाकडे येतात आणि ही सगळी खबरदारी कागदावर उरते.

प्रशिक्षण झालेच नाही, असे नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका कित्येक शिक्षकांनी नोकरी सांभाळून पूर्ण केली. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ मध्ये शाळा नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. २०१९ च्या निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमात मुख्याध्यापकांनाही सामावून घेतले. तरी रोजच्या कामात बहुतेक जण शिकले ते व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या स्क्रीनशॉटवरून आणि शेजारच्या शाळेतल्या जाणत्या सहकाऱ्याला फोन करून. बटण कुठले दाबायचे, एवढे त्यातून समजते. मंजुरी द्यावी की अडवावी, हे समजत नाही.

पोर्टलवरची मंजुरी किती फसवी ठरू शकते, हे २०२५ मध्ये नागपूर विभागात दिसले. बोगस शालार्थ आयडी तयार झाले होते, त्यावर पगार निघाले होते आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पोर्टलवर सगळे रीतसर दिसत होते. त्यानंतर शिक्षकांच्या नियुक्तीची कागदपत्रे शालार्थवर चढवण्याचा आदेश निघाला आणि त्या स्कॅनिंगचे कामही मुख्याध्यापकांच्याच वाट्याला आले. कुठले कागद जोडायचे, याच्या याद्या त्यांना मिळाल्या; पण समोरचा नियुक्ती आदेश खरा की बनावट, हे कसे पडताळायचे, ते अजून कुणी त्यांना नीट शिकवलेले नाही.