ठाण्यातल्या काही घरांत शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच का सुरू होतो?

शुक्रवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनवर सगळ्यांनाच घर गाठायची घाई असते. पण शहरातल्या काही घरांत ही घाई घड्याळाची नाही, सूर्याची असते. तो मावळायच्या आत स्वयंपाक, आंघोळी, इस्त्री सगळं उरकायचं असतं. ही घरं बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची.

जगभरात ज्यू मुलांची उन्हाळी शिबिरं भरतात, तिथेही शुक्रवारचं चित्र असंच. सकाळी खेळ आणि पोहणं, दुपारी खोल्यांची झाडलोट, आंघोळीसाठी रांगा आणि संध्याकाळी स्वच्छ कपड्यांत प्रार्थना आणि गाणी. ही सगळी धावपळ कशासाठी?

शब्बाथ म्हणजे काय?

ज्यू परंपरेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, ही त्यामागची श्रद्धा.

या काळात 39 प्रकारची कामं वर्ज्य मानली जातात. विस्तव पेटवणं, स्वयंपाक, शिवणकाम, लिहिणं ही त्यातलीच. म्हणून शनिवारचं जेवणही शुक्रवारीच तयार हवं. मेणबत्त्या साधारण सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात. आपल्याकडे जूनअखेर सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात ऑफिसातून निघून वेळेत घरी पोहोचायचं तर बरीच आधीची लोकल पकडावी लागते. अर्थात, सगळीच कुटुंबं सगळे नियम तितक्याच काटेकोरपणे पाळतात असं नाही.

ताटात काय असतं?

जेवणाआधी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणतात. बेने इस्रायल घरांत त्यासाठी मनुका भिजवून सरबत करायची पद्धत आहे. ज्यू नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. इथे कोकणातला नारळ कामी आला आणि मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडलं.

‘शनवार तेली’ कोण?

या समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेले लोक कोकणात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावांवरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं लावू लागले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद. धर्माज्ञेप्रमाणे त्या दिवशी जनावरांनाही विश्रांती असते. गावकऱ्यांनी हे पाहिलं आणि त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायला सुरुवात केली.

पुढे अनेक कुटुंबं शहरांकडे वळली. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 चं. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. ठाण्यात टेंभी नाका परिसरातलं ‘शार हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं द्वार, 1879 मध्ये उभं राहिलं.

तेरा वर्षांच्या मुलाला एवढं महत्त्व का?

पारंपरिक नियमानुसार सिनेगॉगमधली पूर्ण सामूहिक प्रार्थना व्हायला किमान दहा प्रौढ पुरुष हवेत. त्याला मिन्यान म्हणतात. यात मुलगा तेराव्या वर्षापासून मोजला जातो.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर या समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. 2011 च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू उरले होते. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबई-ठाणे परिसरात आजही त्यांची देशातली सर्वात मोठी वस्ती आहे. पण माणसं कमी झाली की दहाचा आकडा गाठणं अवघड होतं. एखाद्या शुक्रवारी नऊ जण जमले असतील आणि दारातून तेरा वर्षांचा मुलगा आत आला, तर त्याच्या येण्याने दहा पूर्ण होतात.