जय परतला नाही, कमला खान परतली

नागझिऱ्याच्या जंगलात जन्मलेल्या जय नावाच्या वाघाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मुलांना सांगितली असेल. 'शोले'मधल्या जयवरून त्याला हे नाव मिळाले. गोंदिया जिल्ह्यातले आपले जंगल सोडून तो २०१३ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. त्याला पाहायला पर्यटकांची रीघ लागली. एप्रिल २०१६ नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती, शोधही पुष्कळ झाला. पण जय सापडला नाही. ही गोष्ट सांगताना मुले विचारतात, "मग तो परत कधी आला?" त्यांना खरे तेच सांगावे लागते.

हा प्रश्न मुलांना सुचतो, कारण ती जी सुपरहिरोंची कॉमिक्स वाचतात, त्यांत गेलेला माणूस हमखास परत येतो. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारले आणि पुढच्याच वर्षी परत आणले. तेव्हापासून हा धंद्याचा नेहमीचा डाव झाला आहे. अलीकडे तो कमला खानवर खेळला गेला, म्हणून आम्हाला त्याविषयी बोलावेसे वाटते.

कमला म्हणजे मिस मार्व्हल. जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी. तिची स्वतःची मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. संपादिका सना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन, दोघीही मुस्लिम. काळजीने रागावणारी अम्मी, समजूतदार अब्बा, दीनदार भाऊ, असे ओळखीचे घर त्यात होते. मशिदीतले शेख तिला झिडकारत नाहीत. लोकांना मदत करायचीच असेल तर चांगला गुरू शोध, असे सांगतात. २०१५ मध्ये या मालिकेला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

मे २०२३ च्या अखेरीस याच कमलाला मारण्यात आले. तेही तिच्या नव्हे, स्पायडरमॅनच्या अंकात. त्या कथेत ती दुय्यम पात्र होती आणि मरताना तिने दुसऱ्याच स्त्रीचे, मेरी जेनचे, रूप घेतले होते. आमच्या मुलींना जिच्यात आपला चेहरा दिसला, तिला शेवटच्या क्षणी तिचा स्वतःचा चेहराही दिला नाही! जुलैमध्ये तिच्या स्मरणार्थ वेगळा अंक निघाला आणि त्याच महिन्यात एक्स-मेनच्या अंकात ती जिवंत झाली. ऑगस्टमध्ये नवी मालिका बाजारात आली. शोकाचा अंक विकला, पुनरागमनाचाही विकला.

कल्पित कथेत काहीही घडू शकते, हे आम्हाला मान्य आहे. जीव देणारा आणि घेणारा अल्लाह आहे, हे आमच्या मुलांना ठाऊक असते. एका कॉमिकने त्यांचे इमान डळमळणार नाही. आमची तक्रार दुःखाच्या थट्टेबद्दल आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. माणूस गेला की रडावे, सब्र करावा, जनाज्याला जावे, त्याच्या घरच्यांना सांभाळावे, हे आपण मुलांना शिकवतो. दोन महिन्यांत मरण रद्द होत असेल, तर कमलाच्या अम्मीच्या अश्रूंना काय अर्थ उरतो?

याहून जुने कॉमिक या बाबतीत प्रामाणिक होते. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत वेताळ आला. जंगलातले लोक त्याला अमर समजत. वाचकाला मात्र माहीत असे, की हा एकविसावा वेताळ आहे. आधीचे वीस जण वारले, त्यांच्या कबरी गुहेत आहेत. प्रत्येक वेळी मुलाने बापाचे काम उचलले. माणूस जातो, जबाबदारी राहते. त्या कॉमिकमध्येही वंशभेदाचे दोष होते, पण मरण खोटे नव्हते.

मुलांच्या हातून कॉमिक हिसकावू नका. कमलाचे २०१४ चे अंक मिळाले तर जरूर द्या, आपणही वाचा. नंतरचा अंक वाचून झाला की एवढेच विचारा: ती गेल्यावर तिच्या अम्मी-अब्बांचे काय झाले असेल? अंकात याचे उत्तर पुरेसे नसेल, तर ते मुलांनाच लिहू द्या.