जीपच्या इंजिनाची जुळवणी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला मागे पडला, की खुलताबादचा घाट लागतो. त्या चढावर एखादी जुनी जीप धापा टाकीत, काळा धूर सोडीत चाललेली दिसते. 1941 पासून अमेरिकेत सैन्यासाठी बांधली गेलेली, खाचखळगे सहज तुडविणारी ही गाडी. तिचे बळ येथेच का बरे सरावे? पेट्रोल कमी पडते, असे पुष्कळांना वाटते. बहुधा ती समजूत खोटी ठरते.

पेट्रोल एकटे जळत नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. हे मिश्रण जुन्या जीपमध्ये कार्बुरेटर तयार करतो. त्याच्याकडे जाणाऱ्या हवेतील धूळ गाळणीतील तेलाला चिकटते. मराठवाड्याच्या फुफाट्यात हे तेल लवकरच चिखलासारखे होते. मग हवा कोंडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि त्याची काजळी होते.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम गाळणी धुतो. नंतर, वैद्याने जीभ पाहावी तसा, तो ठिणगी पाडणारा प्लग पाहतो. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर प्रमाण योग्य. प्लगच्या टोकांमधील फट तो सुमारे पाऊण मिलिमीटर ठेवतो. पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने ते फारच कमी केले, तर इंजिन भलतेच तापते आणि त्याच्या झडपाही जळतात!

नव्या गाड्यांत धुरात उरलेला प्राणवायू मोजून संगणक पेट्रोल बेताने सोडतो. गाळणी मात्र अजून हातानेच काढावी लागते.