निघण्याआधीचे तीन महिने

परदेशी सेवेला निघालेल्या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. कोणत्या लसी घ्याव्यात, बॅगेत काय भरावं, भाषा किती यायला हवी, सगळं सांगतात. तिथून निघायचं कसं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ने त्याचीही तजवीज केली आहे. 1961 मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी सुरू केलेल्या या संस्थेचे स्वयंसेवक साधारण 27 महिने परदेशात असतात. आधी तीन महिने प्रशिक्षण, मग दोन वर्षं एखाद्या गावात, शाळेत किंवा दवाखान्यात काम. मुदत संपायला तीनेक महिने उरले की एकत्र आलेल्या तुकडीला पुन्हा एकत्र बोलावतात. तिथे वैद्यकीय तपासण्या, कागदपत्रं, पुढची नोकरी यांच्या जोडीला गावाचा निरोप कसा घ्यायचा यावरही बोलणं होतं.

इतक्या आधी का? कारण निरोप म्हणजे शेवटच्या दिवशीचा हार आणि फोटो नव्हे. वाचनालयाची किल्ली कोणाकडे द्यायची, बचतगटाची वही कोण लिहिणार, अर्ध्यावर आलेलं काम कोण पुरं करणार, हे ठरायला वेळ लागतो. ते न ठरवता निघालेला स्वयंसेवक गावाला अडचणीत टाकून जातो, मग समारंभ कितीही थाटात झालेला असो.

घरातल्या सामानाचाही प्रश्न नाजूक असतो. गादी, शेगडी, सायकल, दोन पातेली. गरीब वस्तीत या वस्तूंना मोल असतं, आणि एका घराला सायकल मिळाली की शेजारच्या घराचं तोंड पडतं. म्हणून बरेच जण मोठ्या वस्तू नव्या स्वयंसेवकासाठी ठेवतात आणि बाकीच्या गाजावाजा न करता वाटून टाकतात. चहाच्या टपरीवरची उधारी फेडायची, मांजराला घर बघून द्यायचं, हेही त्याच काळात.

यजमानांची निरोपाची रीत आपल्याहून वेगळी असू शकते. सेनेगल, गांबिया, माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत डावा हात अशुभ मानतात. आपल्याकडेही डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत, तसंच. पण लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाशी तिथे मुद्दाम डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. एक चूक करून ठेवायची. ती दुरुस्त करायला तरी त्याला परत यावंच लागेल! दोन वर्षं डावा हात जपून मागे ठेवायला शिकलेल्या पाहुण्यापुढे म्हातारी यजमानीण आपणहून डावा हात करते, तेव्हा तो घरचाच झालेला असतो.

हे सगळं हुकलं की काय होतं, ते मार्च 2020 मध्ये कळलं. कोरोनामुळे पीस कोअरने साठहून अधिक देशांतल्या सुमारे 7,000 स्वयंसेवकांना एकदमच माघारी बोलावलं. संस्थेच्या इतिहासात असं आधी कधीच घडलं नव्हतं. अनेकांना सामान भरायला जेमतेम काही तास मिळाले. शाळेतल्या मुलांना भेटताही आलं नाही. निर्णय योग्यच होता, तरी त्या तुटलेपणाची खंत अनेकांनी पुढे बोलून दाखवली. स्वयंसेवक पुन्हा परदेशी जायला मार्च 2022 उजाडला. सुरुवात झांबिया आणि डॉमिनिकन रिपब्लिकपासून झाली.

दोन-तीन आठवड्यांसाठी अनाथाश्रमांत जाणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. लळा लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात. असा निरोप नीट घेण्याची रीतच नाही. तिथे न जाणं बरं.

आणि ‘मी परत येईन’ हे शब्द? खात्री नसेल तर ते उच्चारू नयेत. मुलं ते धरून बसतात. पत्र पाठवीन, फोन करीन, एवढं म्हणावं आणि तेवढं पाळावं. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर मात्र खरोखर परत आल्या. वयाच्या 68 व्या वर्षी पीस कोअरमध्ये शिरून त्यांनी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आरोग्यसेवेचं काम केलं आणि 1968 मध्ये त्या मायदेशी गेल्या. फेब्रुवारी 1977 मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्कारासाठी त्या भारतात आल्या, तेव्हा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष होता. त्या दौऱ्यात वाट वाकडी करून त्या विक्रोळीला गेल्या आणि जुन्या माणसांना भेटल्या.