मन लागत नाही, म्हणजे नेमके काय होते?

नववीच्या वर्गातला एक मुलगा. दिवाळीनंतर तो मधल्या सुट्टीत डबा खायला बसेना; डबा आणलेलाच नसे. गृहपाठ राहू लागला, सकाळी उशीर होऊ लागला. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने सांगितलेली ही हकिकत. दोनदा रागावून झाल्यावर बाई त्याच्या घरी गेल्या. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "डोकं ठणकतं, हातापायांत जीव नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही," एवढेच ती बोलली. रक्त तपासून झाले होते. काही निघाले नव्हते. सासूच्या मते हा अंगचोरपणा होता. शेजारीण म्हणे, "बाहेरचं काहीतरी आहे." नवरा म्हणाला, "मन घट्ट कर म्हणून किती सांगायचं?" आणि मुलाला वाटत होते, आपले काहीतरी चुकले म्हणून आई बोलत नाही.

चार जणांची चार निदाने, आणि चारही चुकीची. त्या बाईंना नैराश्याचा आजार झाला होता.

दुःख कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

दुःख सगळ्यांनाच होते. पण दुःखात असलेला माणूस नातवंड मांडीवर आले की क्षणभर हसतो. नैराश्यात हे हसणेच हरवते. मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, या दोहोंपैकी एक तरी लक्षण दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकले पाहिजे. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही लक्षणे असतात. अशा एकूण नऊ लक्षणांपैकी पाच असली आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण 'मन उदास आहे' असे सांगतच नाहीत. अंगदुखी, थकवा आणि निद्रानाश सांगतात. म्हणून आजार नजरेतून सुटतो.

२०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य गाठते. म्हणजे चाळीस पालकांची सभा भरली, तर त्यात असे दोघे तरी असण्याचा संभव आहे.

आजाराचे चक्र

कारण एकच नसते. आनुवंशिकतेचा वाटा असतो. पण कर्ज, घरातली मारहाण, नवऱ्याचे दारूचे व्यसन, बाळंतपण, जिवलगाचा मृत्यू यांचाही असतो. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते' हे एके काळी सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण आता अपुरे मानतात.

आजार सुरू कशानेही होवो, तो टिकतो मात्र एका चक्रामुळे. मन लागत नाही म्हणून माणूस कामे सोडतो, लोकांत जाणे टाळतो. त्यामुळे जे थोडेफार समाधान, जो चार शब्दांचा आधार मिळाला असता, तोही मिळत नाही. मन आणखी खचते, माणूस आणखी मिटतो. 'मन लागले की उठेन' असे त्याला वाटते. पण उठल्याशिवाय मन लागत नाही! अशा वेळी 'मन घट्ट कर' हा सल्ला म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगण्यासारखे आहे. उलट तो अपराधीपणा वाढवतो.

चक्र कुठे तोडता येते?

गोव्यात याचा पद्धतशीर प्रयोग झाला. मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. त्यांनी रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटून एकच गोष्ट नेटाने केली: आज जमेल असे एक छोटे काम ठरवायचे, ते करायचे आणि त्यानंतर मनाला काय वाटले ते पाहायचे. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांवरील गटात ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के. विशेष म्हणजे हे सगळे रुग्ण मध्यम ते तीव्र नैराश्याचे होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत अशाच गावपातळीवरच्या कामाने दुसरी अडचण हाताळली. तेथे सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक उपचारासाठी कोणाकडे गेले होते. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणे सुरू केल्यावर, सुमारे दीड वर्षाने हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले.

याचा अर्थ औषधे नकोत असा नव्हे. तीव्र नैराश्यात ती लागतात. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात आणि बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करायची नसतात.

शिक्षकाने काय करावे?

निदान करणे आपले काम नव्हे. दिसणे आणि विचारणे हे आपले काम आहे. 'डबा का नाही आणला?' याऐवजी 'घरी सगळे बरे आहे ना?' असे विचारता येते. मुलाला स्पष्ट सांगावे, 'आईला आजार झाला आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही.' घरच्यांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी, मोफत क्रमांक फलकावर लिहून ठेवावा. ती सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उत्तर 'हो' आले, तर त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये, कीटकनाशके आणि गोळ्या घरातून हलवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

त्या मुलाच्या आईवर तालुक्याच्या ठिकाणी उपचार सुरू झाले. नवऱ्याने 'मन घट्ट कर' म्हणणे सोडले आणि रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बांधापर्यंत चालत जाऊ लागला. फेब्रुवारीत डबा पुन्हा दिसला. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. उरलेले दोन दिवस बाईंच्या डब्यात एक पोळी जास्त असे.